पैपावण्यांना सूट नाही

नागपंचमीच्या आधीपासनं धरलेल्या पावसानं त्या सकाळी उघडीप दिली. धरणाच्या पाण्यावर ऊन पडलं, कौलांतनं वाफा निघायला लागल्या आणि करंजखोलातल्या बायका दोऱ्या घेऊन अंगणात धावल्या. राधानगरीच्या या वरच्या अंगाला श्रावणात ऊन पडलं तर घटकाभर. ज्याला जे वाळवायचं ते त्यानं तेवढ्यात उरकून घ्यायचं. कुणी धुणं काढलं, कुणी चुलीचं जळण, कुणी बुरशी चढलेल्या चपला. मेहमुदाभाभीनं गाद्या काढल्या.

जादाच्या गाद्या होत्या त्या, जुन्या घरात थप्पी लावून ठेवलेल्या. तिनं एकेक गादी डोक्यावरनं आणून परसातल्या बांबूंच्या माचावर टाकली, उलटीपालटी केली, आणि वेताची काठी घेऊन झोडपायला लागली. काठी बसली की आंबूस वास उठायचा आणि मग हळूहळू कापूस फुलायचा. हे काम ती लग्न होऊन आली तेव्हापासनं करते. नवरा मौलाली नदाफ, पिंजाऱ्याच्या घरातला. बापाबरोबर खांद्याला पिंजण अडकवून त्यानं गगनबावड्यापर्यंत सगळी गावं पायाखाली घातलेली. लोक ओट्यावर जुन्या गाद्या उसवून द्यायचे, हा दिवसभर कापूस पिंजायचा, मेहमुदा खोळीला टाके घालायची. पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि नव्या नवरा-नवरीच्या अंथरुणातनंसुद्धा कापूस गेला. मौलालीचं पिंजण खुंटीला लागलं. माणूस मुळातच कमी बोलणारा, तो आणखी गप झाला.

घर सावरलं ते मेहमुदानं, आणि तेही असंच एका पावसात. पुण्याचं एक जोडपं धरणाचे दरवाजे बघायला आलेलं, त्यांची गाडी चिखलात रुतली. भाभीनं त्यांना घरात घेतलं, भाकरी-कालवण वाढलं, मौलालीनं भरलेल्या गादीवर झोपवलं. सकाळी ती दोघं ऊन चढलं तरी उठेनात. भाभी दाराला कान लावून आली. मौलालीला म्हणाली, "मेली काय ओ?" मेली नव्हती. इतकी गाढ झोप आपल्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती म्हणाली. त्यांनी आपल्या ओळखीत सांगितलं, त्या ओळखींनी आणखी पुढं सांगितलं. माणसं यायला लागली. कुणी धबधबा बघायला, कुणी दाजीपूरच्या गव्यासाठी, पण झोपायला भाभीकडं.

दोन म्हशी विकून तिनं परसात दोन खोल्या बांधल्या. खाली पांढरी फरशी, भिंतीला पोपटी रंग, आत कमोड, नळाला गरम पाणी. जुनं घर जसं होतं तसंच राहिलं. पत्रा गळतो तिथं पातेलं, आणि उरलेल्या जागेत कापसाची पोती. तिचं बघून शेजारच्या बायडाबाईनं गोठ्याच्या माळ्यावर एक खोली काढली, मग आणखी दोघी-चौघींनी काढली. यांची कामाची रीत अशी की एकीकडं माणसं मावली नाहीत तर दुसरीकडं झोपायला धाडायची, पण जेवायला पहिलीकडंच. पहिलीचं कालवण, दुसरीचं अंथरूण. यावरनं त्यांच्यात कधी तंटा झाला नव्हता.

तंटा होता तो पाण्याकडेच्या रिसॉर्टशी. मालक यशराज, गावातलाच, पण कोल्हापूरला शिकून आलेला. रंगानं, कपड्यांनी, बोलण्यानं झकपक. त्याच्याकडं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायची आणि सोमवारी गावच्या ओढ्यात त्याच्याकडच्या पत्रावळ्या, बाटल्या, डबे आणि पिशव्या तरंगायच्या. त्याच ओढ्याकाठी विहीर. बायडाबाईची ऐन दुधातली म्हैस फुगून मेली, तेव्हा डॉक्टरनं पोट फाडून दाखवलं. आत प्लास्टिकचं बोचकं. बायडाबाई म्हशीच्या अंगावर पडून रडली आणि मेहमुदानं तिला उठवलं ते मनाशी काही धरूनच.

म्हणून एक मेच्या ग्रामसभेत सरपंच संयोगिताताईंनी विषय काढला तेव्हा भाभी सगळ्यांत पुढं बसली होती. विषय असा, की गावात जिथं जिथं खोल्या भाड्यानं देतात त्या खोल्यांची नोंद करायची, त्यात झोपणाऱ्या दर माणसामागं दर रात्रीचा पर्यटक कर घ्यायचा, आणि त्यातनं कचऱ्याची गाडी आणि एक माणूस ठेवायचा. रक्कम चहा-वड्याएवढी. गरिबानं रडावं अशी नव्हतीच.

यशराज उठला. गोड बोलतो तो. म्हणाला, "ताई, कराला माझी ना नाही. पण माझ्याकडं येणारी निम्मी माणसं माझ्याच नात्यातली असतात. मावसभाऊ, मेव्हणे, साडू. पैपावण्यांकडनं कर घेणं शोभतं काय आपल्याला? नात्यातल्यांना सूट ठेवा."

पैपावण्याचं नाव निघाल्यावर कोण बोलणार? माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात मेहमुदा पदर खोचून उभी राहिली.

"यशराजदादा, तुमचं पावणं दर शनवारी येत्यात आणि दर शनवारी येगळं असत्यात. येवढं गोत न्हाय बाबा कुणाचं."

सभा हसली. हसण्यानं तिला चढलं.

"सूट दिली की उद्यापासनं सगळं गावच साडू. न्हाय. पैपावण्याला सूट न्हाय. नोंदीच्या खोलीत जो झोपंल त्याचं डोस्कं धरायचं. आणि मालकानं सांगितलेल्या आकड्यावर जायचं न्हाय. शिपायानं सकाळी च्याच्या वक्ताला सोता जायचं, आणि पावती झोपणाऱ्याच्या हातात द्यायची, मालकाच्या न्हाय. न्हायतर मालक गोळा करणार आणि खिशात घालणार."

टाळ्या पडल्या. मागनं कुणीतरी ओरडलं, "भाभीला सरपंच करा." टाळ्यांच्या भरात ती आणखीही काही बोलली, पण काय ते तिचं तिला नंतर आठवलं नाही. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, अनुमोदक म्हणून तिचं नाव घातलं. बाहेर पडताना यशराज तिच्याजवळ थांबला. "भाभी, मोठं कलम घातलंसा. आता सांभाळा म्हणजे झालं," म्हणाला. ती म्हणाली, "सांभाळतो की." आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, करतो, जातो, सांभाळतो. त्यात आणि भाभी तर गड्यासारखीच तडफेची.

तर त्या सकाळी ती गाद्या झोडपत होती ती जरा जास्तच जोरात, कारण दोन्ही खोल्यांत शिफाच्या सासरची माणसं झोपून उठली होती.

शिफा तिची एकुलती लेक, डी.फार्मसी झालेली, राधानगरीत औषधाच्या दुकानात बसणारी. नेसरीच्या अबुजरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा वीज मंडळात लागलेला, घरची थोडी शेती. बघणं झालं, दोघांचं फोनवर बोलणंही सुरू झालं, आणि आता मुलाची आई जैतुनबी स्वतः तारीख धरायला आली होती. बरोबर अबुजर आणि त्याचा चुलता. नेसरीपासनं पावसात जीप हाणत ती आदल्या संध्याकाळी पोचली. भाभीनं खोल्यांत नव्या चादरी घातल्या, उदबत्ती लावली, कमोड दोनदा घासला. जैतुनबीला तिनं स्वतः हाताला धरून खोलीत नेलं. "पुन्याची डाक्टर लोकं इथंच झोपत्यात," असं सांगताना तिची छाती भरून आली होती. जैतुनबी थोराड बाई, कर्नाटकाच्या सरहद्दीकडची, आवाज ढोलासारखा. तिनं खोली पाहिली, मान हलवली आणि आडवी झाली.

आता सकाळी पाहुणे ओसरीवर बसले होते. चुलीवर तांदळाच्या भाकरी, खिमा आणि शेवयांची खीर. खाणं झालं की तारीख धरायची आणि गूळ वाटायचा.

तेवढ्यात परसाच्या बाजूनं कृष्णात आला.

कृष्णात पंचायतीचा शिपाई. पाणी सोडणं, दवंडी देणं, नोटिसा चिकटवणं, आणि मे महिन्यापासनं सकाळी घरोघर जाऊन डोकी मोजणं. तो नेहमी पुढच्या दारानं यायचा. आज मागनं आला, छत्री मिटून काखेत, आणि गाद्यांच्या आड उभा राहिला.

"भाभी, जरा बोलायचं हाय."

"बोल की. च्या घे आधी."

"च्या नको." त्यानं पावतीपुस्तक पिशवीतनं अर्धं बाहेर काढलं आणि परत आत ढकललं. "तीन माणसं झोपलीत न्हवं खोल्यांत?"

भाभीला आधी कळलंच नाही. "व्हय. शिफाच्या सासरची. तारीख धरायला आलीत. गूळ घेऊनच जा."

"ठाऊक हाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय." कृष्णातनं मान खाली घातली. "तीन डोस्की व्हत्यात, भाभी."

भाभीच्या हातातली काठी वरच्या वर राहिली. मग ती हसली. "चेष्टा करायलायस व्हय रं सकाळी सकाळी?"

"चेष्टा असती तर मागच्या दारानं आलो असतो काय?"

"आरं पण पावणं हायत. विहीण हाय माझी. भाडं घेतलंय काय मी तिच्याकडनं?"

"भाड्याचा संबंध न्हाय ठरावात. नोंदीच्या खोलीत जो झोपंल तो." कृष्णातनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुमीच म्हणालतासा. हात वर करून. पोरीचं सासू-सासरं माझ्या खोलीत झोपलं तरी सोडायचं न्हाय, तवा कर म्हणायचा, असं म्हणालतासा. सगळ्यांनी ऐकलंय."

आपल्या तोंडातनं हे गेलं? मग तिला ती दुपार आठवली. टाळ्या आठवल्या, टाळ्यांनी गरम झालेले आपले कान आठवले, आणि त्या गरम कानांनी ऐकलेला आपलाच आवाज. गेलं होतं. तिच्याच तोंडातनं गेलं होतं. ती माचावरच्या गादीवर टेकली.

"मग आसं कर," ती म्हणाली. "माझ्याकडनं घे. हितल्या हितं. पावती फाड आणि चुलीत घाल."

"तसं केलं असतं ओ. तुमच्यासाठी केलं असतं. पण यशराज पंचायतीत येऊन बसलाय. त्यानं काल नेसरीची जीप बघितली. म्हणतोय, भाभीच्या विहिणीच्या हातात पावती पडली तर मी मेपासनच्या सगळ्या डोस्क्यांचं भरतो. न्हाय पडली तर माझी बी सगळी पावणं. मावसभाऊ, मेव्हणं आणि साडू." कृष्णात थांबला. "तीन महिनं झालं, त्यानं एक दमडी भरलेली न्हाय. गाडी कशी ठेवायची? ताई म्हणाल्या, जा म्हणावं लागतंय, पण भाभी म्हणतील तसं कर."

म्हणजे सरपंचांनीही सगळं तिच्याच अंगावर टाकलं होतं.

मौलाली आतनं आला होता. त्यानं सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मिटवा कायतरी," एवढंच म्हणाला आणि भाकरीचं ताट घेऊन ओसरीवर गेला. त्याच्या मागनं आलेली शिफा मात्र दारातच थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अम्मा, आज नको."

"मी कुठं म्हणालो आज म्हणून?"

"तुझं तोंड बघूनच कळतंय. आज नको. कृष्णातमामा, तुम्ही उद्या या. ती माणसं गेल्यावर काय पाहिजे ते करा."

कृष्णात बिचारा भाभीकडं बघत राहिला. तो जायला तयार होता. भाभीनं नुसती मान हलवली असती तर तो गाद्यांच्या आडनंच परत गेला असता आणि गावानंही तिला नाव ठेवलं नसतं. विहिणीला कुणी पावती फाडतं? पण पुढं? पुढं यशराज दर शनिवारी हसणार, ओढा तसाच वाहणार, आणि बायडाबाईसमोर ती कुठल्या तोंडानं उभी राहणार? तिला म्हशीचं फाडलेलं पोट दिसलं. आणि त्याच्याच शेजारी लेकीचं पांढरं पडलेलं तोंड. कुठंही बघितलं तरी सुटका नव्हती.

ती उठली. पदर डोक्यावरनं घेतला.

"चल रं. पुढच्या दारानं चल."

"अम्मा," शिफा म्हणाली. नुसतं तेवढंच.

ओसरीवर जैतुनबीनं नुकताच भाकरीचा पहिला घास मोडला होता. अबुजर मोबाईल बघत होता. चुलता मौलालीला नेसरीच्या बाजारात म्हशींचे भाव काय चाललेत ते सांगत होता. कृष्णात उंबऱ्यापाशी उभा राहिला. भाभीनंच तोंड उघडलं.

"हे पंचायतीचं हायत. गावात कर बसलाय. खोल्यांत झोपणाऱ्याचा. तुमची पावती फाडायला आल्यात. पैसं मी भरतो, तुमी नुसती हातात घ्या."

कुणाला काही कळलं नाही. मग चुलत्याला कळलं. त्यानं ताट पुढं सरकवलं. ही माणसं आपसात बोलतात ती दखनीत. तो म्हणाला, "हमे लॉजपर उतरे क्या?"

"न्हाई ओ चाचा, तसं न्हाई."

"मग कसं? सोयरिकीला आलेल्या माणसाची पावती फाडत्यात? मी आज पहिल्यांदा ऐकलं. नेसरीत सांगितलं तर माणसं थुकतील तोंडावर."

जैतुनबीनं हात वर केला. चुलता गप झाला. ती कृष्णातकडं वळली. ढोलासारखा आवाज एकदम बारीक झाला होता.

"असं कलम कुणी घातलंय, बाबा? आलेल्या पावण्याला बी सोडू नका म्हणून?"

कृष्णात वाशाकडं बघायला लागला.

"मी," मेहमुदा म्हणाली. "मी घातलंय."

चुलीवर खीर उतू गेली. जळका वास ओसरीपर्यंत आला तरी कुणी उठलं नाही. अबुजरनं मोबाईल खिशात टाकला आणि शिफाकडं पाहिलं. शिफा दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती.

भाभीनं सांगायचा प्रयत्न केला. रिसॉर्ट, ओढा, म्हैस, यशराज. पण जैतुनबीनं तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं कमरेची कापडी पिशवी सोडली, नोटा काढल्या आणि कृष्णातपुढं धरल्या.

"तुमी कशाला? मी भरतो म्हणालो न्हवं," भाभी पुढं झाली.

"पावती माझ्या हातात येणार. मग पैसं तुमच्या हातातनं कशाला?"

कृष्णातनं पावती फाडली. जैतुनबीनं ती घेतली, अबुजरपुढं धरली. "वाच." अबुजरनं वाचलं. पर्यटकाचं नाव, गाव, माणसं तीन, रात्र एक.

"पर्यटक," जैतुनबी म्हणाली. "उभ्या जन्मात मी कुठं फिरायला गेलो न्हाई. मिरजेच्या दर्ग्याला तेवढं गेलतो." तिनं पावतीची बारीक घडी घातली. मग एकदम विचारलं, "घरात झोपलं तर घेता काय रं कर?"

"न्हाय जी," कृष्णात म्हणाला. "घराला न्हाय. नोंद फकस्त खोल्यांची हाय."

"असं व्हय." जैतुनबी मेहमुदाकडं वळली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. "मग आमाला घरात का न्हाई झोपवलंसा?"

भाभीनं तोंड उघडलं. "घर गळतंय," ती म्हणाली. "पोती हायत कापसाची. खोल्या चांगल्या हायत म्हणून."

"नेसरीत काय सोन्याची कौलं हायत? तुमची पोरगी आमच्या घरात द्यायलासा, आणि आमाला तुमचं घर दाखवलं न्हाईसा. डाक्टर लोकं झोपत्यात तिथं झोपवलंसा." ती उठली. "चल रे अबू."

मौलाली हात जोडून आडवा झाला. "चार घास तरी खावा."

"च्या घेतलाय," जैतुनबी म्हणाली. खरंच, तिनं उरलेला चहा उभ्यानं संपवला, कप खाली ठेवला आणि पायऱ्या उतरली. तारखेचं कुणी काढलं नाही. गुळाचा डबा झाकणासकट चौरंगावर तसाच राहिला. जीप वळणावर दिसेनाशी झाली, आणि ऊन जाऊन पाऊस परत आला. माचावरच्या गाद्या आत न्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्या भिजल्या.

शिफा त्या दिवशी एकदाच बोलली. "तुला टाळ्या पडल्या, अम्मा. मला काय पडलं?" आणि दुकानाला निघून गेली.

भाभी जुन्या घरात जाऊन बसली. पोत्यांच्या मधल्या जागेत पातेल्यात थेंब पडत होते. तिच्या मनातनं जीप जात नव्हती, आणि चुलत्याचं बोलणंही. पण त्याहून वाईट होतं ते जैतुनबीनं विचारलेलं. ती आठवायला लागली, खोल्या बांधल्यापासनं या घरात आपल्या माणसांतलं कोण झोपलं होतं? बहीण आली ती खोलीत. नणंद आली ती खोलीत. आजारी आईला आणलं होतं, तिलाही कमोडची सोय म्हणून दोन नंबरच्या खोलीत ठेवलं. दोन नंबर. आईच्या खोलीला तिनं नंबरानं हाक मारली होती. आई चार दिवसांतच म्हणाली, "मला घरला सोड, हितं करमत न्हाई," आणि हिला वाटलं म्हातारीला गावाची ओढ लागली. आता तिला उमगलं. म्हातारी लेकीच्या घरी आली होती आणि लेकीचं घर तिला मिळालंच नव्हतं. माणसं हिच्या दारात येत होती आणि ही त्यांना दाराबाहेरनंच परसात नेत होती, आणि वर त्याचाच तोरा मिरवत होती.

दुपारी बायडाबाई आली. ती भिजत आली आणि उंबऱ्यातच पाय आपटत उभी राहिली.

"भाभी, तुझं डोस्कं जाग्यावर हाय न्हवं? विहिणीची पावती फाडलीस?"

"फाडली."

"अगं बया." बायडाबाई खाली बसली. कपाळावर हात मारायला गेली आणि हात तिथंच राहिला. "मला वाटलं लोकं खोटं सांगायल्यात. नळावर एका बाईनं ऐकलं आणि तिची घागरच पडली. मी तर म्हणालो, आमच्या भाभीला मी वळखतो, ती असलं करायची न्हाय."

"केलं."

"कुणासाठी गं?"

भाभीनं भरलेलं पातेलं उचलून बाहेर ओतलं. बायडाबाईला आपली म्हैस आठवली असावी, कारण तिनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "यशराजनं भरलं. मेपासनं सगळ्या डोस्क्यांचं. कृष्णात सांगत होता, पैसं ठेवताना तोंड असं झालं होतं म्हणं, कच्च्या कारल्यागत. तालुक्याला गाडी सांगितली बी."

"झालं मग."

"काय झालं मग? पोरीचं?"

पोरीचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आठवडा मौलाली पिंजण खुंटीवरनं काढून पुसायचा आणि परत अडकवायचा. शिफाचा फोन वाजला की तिघंही दचकायचे. अबुजरचे फोन बंद झाले नव्हते, पण तो तारखेचं बोलत नव्हता, आणि शिफा विचारत नव्हती. गावात कचऱ्याची गाडी आली. माणसं दारात उभी राहून तिच्याकडं बघत होती. भाभीनं आपली बादली नेऊन ओतली आणि कुणाशी न बोलता परत आली.

मग एका दुपारी जैतुनबीचा फोन आला. शिफाचा नव्हे, भाभीचाच वाजला. हात पिठाचे होते म्हणून शिफानं तो उचलून आईच्या कानाशी धरला. जैतुनबीच्या आवाजाला स्पीकर लागत नव्हता, घरभर ऐकू आलं.

"जैतुन बोलतोय नेसरीतनं. कानावर घ्या. दीर म्हणतोय मोडा. माझी बहीण म्हणती मोडा. पावती मी सगळ्यांना दाखवलीय, दाखवून दाखवून ती फाटायला आलीय. माझा राग गेलेला न्हाई."

"व्हय," भाभी म्हणाली.

"आमच्या हितं बी नदीकडं हाटेलं झाल्यात. तुमी म्हणालतासा तसलाच कचरा हितं बी येतोय. त्याचं मला कळतंय. ते सोडा." पलीकडं एक मोठा श्वास ऐकू आला. "पोरगी पसंत हाय. तुमी अजून न्हाईसा."

भाभीनं पिठाच्या हातांनीच शिफाचं मनगट धरलं.

"येत्या जुम्म्यानंतर येतो तारीख धरायला. खोली नको. घरात झोपणार. गळतंय तिथं पातेलं ठेवा, मला काय. आणि पोती काढा मधनं."

"काढतो," भाभी म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण पलीकडनं फोन ठेवला होता.

शिफा हसली नाही, रडलीही नाही. आईच्या हाताच्या पिठाचे ठसे मनगटावर उमटले होते ते बघत तिनं विचारलं, "झालं काय, अम्मा? की अजून काही राहिलंय?"

"तिला मी पसंत पडायचं राहिलंय," भाभी म्हणाली. "ते काय लगेच व्हतंय."

शनिवारी पुण्याची मंडळी येणार होती, बायडाबाईकडं झोपायला आणि हिच्याकडं जेवायला. भाभीनं हात धुतले, परातीत तांदूळ ओतला, पाय पसरून भिंतीला टेकली आणि खडे वेचायला लागली.